चेकरकाका आणि पंखांचा डबा

एका डब्यात कोंबडीचे बारा पंख तुमच्यापुढे आले, तर त्या कोंबड्यांचं बाकीचं अंग कुठे गेलं, असा प्रश्न तुम्ही कधी विचारला आहे का?

विचारला नसेल. मीही विचारला नव्हता. तळलेलं, मसाला लावलेलं, गरम काही समोर आलं की आपण फुंकर घालतो आणि खायला लागतो. प्रश्न विचारत बसलं तर ते निवतं. यवतमाळात दारव्हा रोडला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, त्या गृहस्थांच्या पुढ्यातलं अन्न मात्र नेहमी निवलेलंच असायचं. त्यांना सगळी गल्ली चेकरकाका म्हणायची.

एसटीत ते तिकीट तपासनीस होते. दिग्रस, पुसद, उमरखेड या रस्त्यांवर मधल्याच एखाद्या फाट्यावर उभं राहायचं, गाडी अडवायची आणि आत शिरून प्रत्येकाचं तिकीट बघायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण करड्या रंगाचा सफारी आणि खिशाला पेन हा वेश सुटला नव्हता. समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या हाताकडे बघायची सवयही सुटली नव्हती. लपवणारा माणूस चेहरा सांभाळतो, हात सांभाळायचं विसरतो, असं ते सांगत.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, शिक्षण विचारलं नाही. दार अर्धं उघडून म्हणाले, "कुठून चढले?"

मी म्हटलं, उमरखेडहून आले.

"उतरनार कुठं?"

एम.ए. होईपर्यंत राहीन, एवढंच सांगता आलं. तिकीट बरोबर आहे पण प्रवासी संशयास्पद आहे, अशी मान हलवून त्यांनी किल्ली दिली.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत, आणि सगळ्या वस्तूंनाही. दुधाचं पातेलं नाकाजवळ नेऊन म्हणत, हे कुठून चढलं. कोणी मोबाईलवर आलेली बातमी वाचून दाखवली की तोच सवाल. पाठवणारा म्हणे, मला दुसऱ्याने पाठवली. त्या दुसऱ्याला तिसऱ्याने. मग काका समाधानाने म्हणत, "म्हंजे बिनतिकिटाची हाय. उतरव तिले." लग्नाची पत्रिका आली तरी आधी उजेडात धरून बघत. सराफाने, डॉक्टरने, एवढंच काय, बुद्धविहारात पाणी वाटणाऱ्यानेही त्यांच्याकडून ही तपासणी करून घेतली होती. लोक चिडत. काहीजण रस्ता बदलत. पण गल्लीत कोणाला घर विकत घ्यायचं असलं, मुलीसाठी स्थळ आलं, की तोच माणूस हळूच संध्याकाळी काकांच्या ओट्यावर येऊन बसे आणि कागद पुढे करी.

माझ्यावर त्यांचा संशय जरा जास्तच होता, कारण मी पत्रकं लिहायचे. माझं घरच तसं. आमच्याकडे कपाट भरून पुस्तकं कधी नव्हती, पण जयंतीला, दीक्षेच्या दिवशी स्टॉलवर मिळणाऱ्या बारीक पुस्तिका वडील पिशवी भरून आणत. त्यांवरच मी वाचायला शिकले आणि त्यांच्यासारखंच लिहायला लागले. विद्यार्थी संघटनेसाठी वसतिगृहाच्या खाणावळीवर एक पत्रक लिहिलं होतं. मला ते फार जळजळीत वाटत होतं. काकांनी चष्मा चढवून ते सावकाश वाचलं, कागद चिमटीत धरून पाहिला, छापायला कोणी दिला ते विचारलं. मग म्हणाले, "तमाम हाय, समस्त हाय, शोषित हाय, पीडित हाय. गाडी खचाखच भरली. पन सीटवर एकही मानूस दिसून नाही राह्यला."

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पत्रक पुन्हा लिहिलं, आणि त्यात खाणावळीत भाकरी थापणाऱ्या बाईबद्दल चार ओळी घातल्या. काकांना ते मी सांगितलं नाही.

काकू वारल्या होत्या. घरात काका आणि त्यांची धाकटी लेक. लेक बी.कॉम. झालेली, भराभर बोलणारी, बापाच्या संशयाला हसून उत्तर देणारी. रविवारी काका कोंबडी आणायला जात, तेव्हा कधी कधी मी सोबत असे. दुकानदार कापत असताना ते समोर उभे राहत. कोंबडी तीच आहे ना, वजन झाल्यावर बदलली नाही ना, सगळं बघत. आणि दर वेळी पंख काढायला लावत. पंख त्यांच्या पिशवीत कधी गेले नाहीत. कारण विचारलं तर म्हणत, इंजेक्शन पंखातच देतात, सगळं औषध तिथंच साचतं. हे मी बऱ्याच लोकांकडून ऐकलं होतं आणि माझा त्यावर विश्वास नव्हता. पण काकांचा होता, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांची लेकही.

मग शहरात ते दुकान आलं. नाव घेत नाही. तशा कुठल्याही दुकानाचं नाव घ्या, आतून सगळी सारखीच दिसतात. काचेच्या भिंती, भिंतीएवढे फोटो, थंड हवा, आणि एकसारख्या टोप्या घातलेली आपल्याच गावची पोरं. काकांच्या लेकीला तिथे नोकरी लागली. तिची पहिली नोकरी. कोणाची चिठ्ठी नाही, कोणाची ओळख नाही. तिने स्वतः अर्ज केला, स्वतः मुलाखत दिली.

काकांनी त्या नोकरीची तपासणी सुरू केली. टोपी कशाला, डोकं झाकण्यासारखं तिथं काय आहे? छातीवर नाव इंग्रजीत कशाला? गिऱ्हाईक दिसलं की हसायचं, असा नियम आहे हे ऐकल्यावर तर त्यांनी चष्मा काढून लेकीकडे बघितलं. मग म्हणाले, "फुकट कोनी हासते काय? दिवसभर हासाले लावतात म्हंजे कायतरी झाकून राह्यले."

महिनाभर त्यांनी वाट पाहिली आणि निकाल सांगितला. एक दिवस ते स्वतः तिथे जाऊन खातील. तिथलं खाणं, तिथली माणसं, तिचं काम, सगळं बघतील. पटलं तर नोकरी राहील. नाही पटलं तर दुसऱ्या दिवसापासून तिने जायचं नाही.

लेक माझ्या खोलीत येऊन बसली. ती हसत नव्हती. "ताई, बाबा तुमचं ऐकतात," ती म्हणाली. हे खरं नव्हतं, पण मी ते खोडलं नाही. "हे गेलं तं मले घरात बसा लागन. मंग स्थळं पाहाले सुरू होतीन. तुमी सोबत जा. त्याईले एकदा फक्त नीट खाऊ द्या." बाबांना कवळी आहे, म्हणून बिनहाडाचं मागवायचं, तेही तिने सांगून ठेवलं. ती स्वतः आत, तळणाच्या बाजूला असणार होती.

आम्ही दुपारी गेलो. काका दारातच थांबले. दार ढकलायचं की ओढायचं, यावर दोन भाषांत दोन पाट्या होत्या. त्या दोन्ही वाचून त्यांनी कोणी बाहेर येईपर्यंत वाट पाहिली आणि त्याच्या मागून आत शिरले. टेबलावर हात फिरवून बोट बघितलं. छताकडे, कॅमेऱ्याकडे, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. फोटोतली तंगडी हाताएवढी होती. "अशी कोंबडी कोन्या गावात चालते?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांना खुर्चीवर बसवून काउंटरवर गेले.

बिनहाडाचं संपलं होतं. व्हायला वेळ लागेल, विंग्स तयार आहेत, असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला. मी फोटो बघितला. लालभडक, कुरकुरीत, गोल गोल तुकडे. त्यात पंख असा कुठे दिसत नव्हता. नावही इंग्रजी. मला वाटलं, जे पंखासारखं दिसत नाही आणि ज्याला कोणी पंख म्हणत नाही, ते इंजेक्शनच्या तपासणीतून सुटेल. मी डबा घेतला.

काकांनी डबा उघडला. एक तुकडा उचलला. खाल्ला नाही. अंगठ्याने सांधा चाचपला, तुकडा जरा उलगडून पाहिला आणि परत ठेवला. दुसरा उचलला. तिसरा.

"पोरी, हे पंखं हायेत."

मी म्हटलं, याला विंग्स म्हणतात काका.

"म्हनत असतीन. पंखं हायेत."

मग त्यांनी डब्यात बघितलं. सगळे तेच. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं, आईबाप आणि दोन मुली. त्यांच्यासमोर मोठा डबा, त्यात तंगड्या, छातीचे तुकडे. काका त्या डब्याकडे बघत राहिले. एका कोंबडीला दोनच पंख असतात, ते हळू आवाजात म्हणाले. मग या कोंबड्यांचं बाकीचं अंग कुठे गेलं? आणि त्यांना त्याचं उत्तर शेजारच्या टेबलावर सापडलं.

ते उठून काउंटरपाशी गेले. आवाज चढवला नाही. गाडीत शिरल्यावर तिकीट मागायचा जो आवाज असतो, तोच होता.

"त्याईले तंगड्या अन् आमाले पंखं काहून? आमी कोन हाओत, हे कोनी सांगतलं तुमाले?"

मुलाला वाटलं, ऑर्डर चुकली. लेग पीस हवा होता का अंकल, तो विचारत होता. शेजारचं कुटुंब खायचं थांबलं. मला काही कळेना. इंजेक्शनची भीती असलेला माणूस शेजाऱ्यांना तंगड्या मिळाल्या म्हणून का चिडेल?

आवाज ओळखून लेक आतून आली. डोक्यावर टोपी, टोपीखाली जाळी, हातात चिमटा तसाच. "बाबा, इथं कोनी वाटून देत नाही. जो जे मांगते ते त्याले भेटते. ताईनं हेच मांगतलं."

काका माझ्याकडे वळले. "मांगून पंखं घेतले?"

मी मान हलवली.

त्या माणसाचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतरही इतका गोंधळलेला पाहिला नाही. मागून घेतलेले पंख ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हती. लेक मात्र घाबरली होती. आपली नोकरी त्या डब्यात बुडाली असं तिला दिसत होतं. काकांची नजर सवयीप्रमाणे तिच्या हाताकडे गेली. चिमटा थरथरत होता.

"तू जेवली?" त्यांनी विचारलं.

"झालं बाबा."

"केव्हा?"

तिने घड्याळाकडे बघितलं, मग काउंटरवरच्या मुलाकडे. त्यानेही मान खाली घातली. सकाळी आलेली ही पोरं, आणि आता उन्हं कलायला आली होती. काकांनी तिथला तेलाचा वास, टोपी, हसणं, फोटो, सगळ्यावर संशय घेतला होता आणि यातलं काही सिद्ध झालं नव्हतं. जे सिद्ध झालं ते असं होतं, की कोंबडीच्या ढिगासमोर उभी असलेली त्यांची लेक उपाशी होती.

मॅनेजर आला. बाहेरगावचा, तरुण, टापटीप. ब्रेक मिळतो अंकल, आज जरा रश आहे, असं तो म्हणाला.

"रश कोन्या दिवशी नसते?" काका म्हणाले. "आमच्या एस्टीत कंडक्टर जेवाले बसला, तं गाडी थांब्यावर उभी राहे. पॅसेंजर शिव्या देत, कोनी घंटीची दोरी ओढे. पन त्याचा डबा बंद झाल्याबिगर गाडी हालत नव्हती. अन् उघड्या डब्यापाशी जाऊन म्या कोन्या कंडक्टरची कधी तपासनी केली नाही."

मॅनेजरने सफारी बघितला, पेन बघितलं. त्याचा आवाज खाली आला. "सर, आपण कोणत्या डिपार्टमेंटचे?"

"तपासनीत होतो," काका म्हणाले.

त्यातल्या 'होतो'कडे मॅनेजरचं लक्ष गेलं नाही. त्याने ताबडतोब लेकीला जेवायला सोडलं, आणि तिच्यासोबत आतल्या आणखी एका मुलीलाही.

गिऱ्हाइकांच्या टेबलावर त्यांना बसता येत नव्हतं. म्हणून आम्ही मागच्या बाजूला, मोटारसायकली लावतात तिथल्या पायरीवर बसलो. दुसरी मुलगी जरा पलीकडे, भिंतीच्या सावलीत बसून घाईने घास घेत होती. लेकीने घरचा डबा उघडला. पोळी आणि वांग्याची भाजी, सकाळी तिनेच केलेली. काकांनी पंखांचा डबा सोबत आणला होता. पैसे दिलेली वस्तू टाकून येणं त्यांना जमणारं नव्हतं. तो डबा मांडीवर ठेवून त्यांनी आम्हाला जे सांगितलं, ते त्यांच्या लेकीनेही तोवर ऐकलेलं नव्हतं.

त्यांचे वडील दारव्ह्याकडच्या एका गावात दुसऱ्याच्या शेतात सालदार होते. पीक निघालं की शेतात देवाला कोंबडं कापत. मालकाची माणसं झाडाखाली पंगत करत. यांच्या घरासाठी बांधावर एका पानात वेगळं ठेवलेलं असे: पंख, मान आणि पंजे. कधी चूक होत नसे. कितीही कोंबडी कापली, कोणीही वाढलं, तरी पानात तेच. काकांची आई ते पदराखाली झाकून घरी आणी.

"गावानं धम्म घेतला, तवा मी लहान होतो," काका म्हणाले. "बापानं त्या दिवशी दोन गोष्टी सोडल्या. देव अन् पंखं. म्हने, याच्यापुढं ह्या घरात पंख शिजनार नाही."

"मंग इंजेक्शन?" लेकीने विचारलं.

"ते दुकानदाराले सांगाले. त्याले काय बांधावरचं पान सांगू?"

थोड्या वेळाने लेक म्हणाली की इथे लोक पंखासाठी रांग लावतात. मोठमोठ्या घरची माणसं येतात, साहेब येतात, आणि पंखच मागतात. तंगडी शिल्लक असली तरी पंख मागतात. काकांनी हे ऐकलं आणि संशयाने पंखांकडे बघितलं. मग एक उचलला. कवळी सांभाळत, हाडाला वळसा घालत त्यांनी तो खाल्ला. त्यांना फार वेळ लागला. लेकीचा हात पोळीवर थांबलेला होता.

"मीठ जास्त हाय," ते म्हणाले. "अन् तिखटात साखर टाकली. कायतरी झाकून राह्यले."

तिने मान खाली घातली.

"नौकरी कर," ते म्हणाले. "पन मी येऊन पायत जाईन."

आणि ते जाऊ लागले. रोज दुपारी, दुकानासमोरच्या पानटपरीपाशी, सफारी घालून, मनगटावरचं घड्याळ वर करून. आत जात नसत. कोणाशी बोलत नसत. मॅनेजरने त्यांना काचेतून पाहिलं की पोरांना आळीपाळीने जेवायला सोडायला सुरुवात होई. तो कोणत्या डिपार्टमेंटला घाबरत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. पहिल्यांदा असं झालं की संशय काकांनी घेतला नाही, काकांवर घेतला गेला, आणि त्यावर सगळ्या पोरांचं जेवण चाललं. एकदा मी त्यांना म्हटलं, तुम्ही आता तपासणीत नाही हे त्याला सांगून टाका. ते म्हणाले, त्याने विचारलं तर सांगीन. त्याने विचारलं नाही.

पंख मात्र त्यांनी पुन्हा खाल्ले नाहीत. रविवारी दुकानदाराकडे ते तसेच काढायला लावत. फक्त इंजेक्शनचं नाव घेणं बंद केलं. आमच्यात खात नाहीत, एवढंच सांगत, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत.

माझं एम.ए. झालं, मी यवतमाळ सोडलं. काकांचे गुडघे गेले. आता ते ओट्यापर्यंत येतात, टपरीपर्यंत नाही. लेकीला बढती मिळाली आणि तिची बदली दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दुकानात झाली. तिथे समोरच्या रस्त्यावर कोणी उभं राहत नाही. मी फोन करते. जेवलीस का विचारते. "झालं ताई," ती म्हणते. मागून घंटा वाजत असते, कोणाची तरी ऑर्डर तयार असते, आणि फोन बंद होतो.

अशा दुकानांविरुद्ध तमाम जनतेने उठावं, असं पत्रक मी लिहू शकले असते. त्याऐवजी तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी तुम्ही तिथे पंख, तंगड्या, जे काही घ्यायला जाल, तेव्हा डबा हातात घेण्यापूर्वी काउंटरपलीकडच्या मुलीला किंवा मुलाला विचारा, जेवलात का. ती हसून हो म्हणेल, कारण तिला हसायला सांगितलेलं आहे. तेवढ्यावर डबा उचलून निघू नका. तिच्या हाताकडे बघा, आणि विचारा: केव्हा?